बरोव्हियाला निघण्याआधी: रेव्हनलॉफ्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याची बरीच जगं मी खेळलो, पण पुन्हा पुन्हा परत गेलो ते रेव्हनलॉफ्टकडेच. नव्याने खेळवायला घेणारी मंडळी, म्हणजे गोष्ट चालवणारे गेममास्टर, मला बहुतेक वेळा तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली आहेत. बहुतेक उत्तरं 2016 साली आलेल्या ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या साहसाबद्दल, म्हणजे खेळवायला तयार लिहिलेल्या कथानकाच्या पुस्तकाबद्दल आहेत, कारण आज जवळजवळ प्रत्येक जण याच दारातून आत येतो.

मी फक्त खेळाडू आहे. पुढे वाचलं तर चालेल?

यानंतरचे दोन प्रश्न वाचा आणि थांबा. त्यापुढे किल्ल्याच्या मालकाची सगळी गोष्ट उघडी केली आहे. ती टेबलावर, हळूहळू, आपल्या पात्राच्या डोळ्यांनी कळण्यात जी मजा आहे ती एकदाच मिळते.

रेव्हनलॉफ्ट हे किल्ल्याचं नाव, साहसाचं नाव की जगाचं?

तिन्हींचं. आधी तो किल्ला होता, बरोव्हिया नावाच्या डोंगराळ मुलुखातला. त्या किल्ल्यावर बेतलेल्या साहसालाही तेच नाव मिळालं. 1990 मध्ये त्याभोवती पूर्ण जग उभं राहिलं, तेव्हा त्या जगालाही रेव्हनलॉफ्टच म्हटलं गेलं. या जगात अनेक मुलूख आहेत. प्रत्येकाचा एकेक डार्कलॉर्ड आहे, म्हणजे त्या मुलुखाचा धनी आणि त्याच मुलुखाचा कैदी. बरोव्हिया त्यातला सर्वांत जुना.

याची सुरुवात कशी झाली?

ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने हे लिहिलं. त्या काळच्या साहसांत खोलीमागून खोली आणि प्रत्येक खोलीत एक राक्षसी प्राणी, असा सरळ मामला असायचा. एका खेळात ट्रेसी यांना अशाच एका खोलीत व्हॅम्पायर भेटला. हा इथे का आहे, याला काय हवं आहे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. ही गोष्ट दोघांच्या मनाला लागली. त्यांनी आधी व्हॅम्पायर रचला, त्याचं दुःख आणि त्याचा हव्यास रचला, आणि मग त्याला राहायला किल्ला बांधला. काही वर्षं हॅलोविनच्या रात्री मित्रमंडळींबरोबर खेळून खेळून ते घडत गेलं आणि 1983 मध्ये टीएसआर कंपनीने ते छापलं. पानं अवघी 32. किल्ल्याचे नकाशे तिरप्या कोनातून काढलेले, त्यामुळे जिने आणि मजले एकमेकांत कसे गुंतलेत ते दिसायचं. मी आजही ते नकाशे समोर पसरून बसतो.

स्ट्राडने नेमकं केलं काय?

स्ट्राड फॉन झारोविच हा सरदार. तारुण्य लढायांत गेलं, मुलूख जिंकला, किल्ला बांधला आणि आई रेव्हेनोव्हिया हिच्यावरून त्याचं नाव ठेवलं. मग धाकटा भाऊ सर्गेई राहायला आला. देखणा, मनमिळाऊ, लोकांना हवाहवासा. सर्गेईचं गावातल्या तात्यानावर प्रेम बसलं आणि लग्न ठरलं. स्ट्राडचाही जीव तिच्यावर जडला. ती मात्र त्याला वडीलधारा मानायची, मोठ्या भावासारखा मान द्यायची, आणि तो मानच त्याला सहन होईना. वय उतरणीला लागल्याची जाणीव त्याला आतून पोखरत होती. त्याने मृत्यूशी करार केला, रक्ताचा करार. लग्नाच्या दिवशी भावाला मारलं, त्याचं रक्त प्यायला आणि तात्यानाच्या मागे धावला. तिने किल्ल्याच्या कठड्यावरून खाली धुक्यात उडी घेतली. पहारेकऱ्यांनी स्ट्राडवर बाण सोडले, पण तो मेला नाही. बरोव्हियाच्या पंचांगात हे साल 351.

मराठी टेबलावर ही गोष्ट सांगताना मला कधी फार समजावावं लागलं नाही. धाकट्या भावाची बायको लेकीसारखी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. रामाने वालीला मरता मरता ज्या अपराधाचा जाब विचारला तो हाच: सुग्रीव जिवंत असताना रुमेला बळकावलंस. स्ट्राडच्या गुन्ह्याची जात आपल्याला ओळखीची आहे.

मग त्याची कीव करायची की चीड?

या जगाबद्दल मला काही सांगायचं असेल तर ते इथेच.

त्यानंतर शतकं लोटली. तात्याना पुन्हा पुन्हा जन्माला येते, वेगळ्या नावाने, त्याच चेहऱ्याने. आत्ताच्या खेपेला ती इरीना कोल्याना आहे, बरोव्हिया गावच्या प्रमुखाने सांभाळलेली मुलगी. दर वेळी स्ट्राडला ती सापडते आणि दर वेळी त्याच्या हातून निसटते. ही त्याची शिक्षा. बरेच गेममास्टर इथे विरघळतात आणि स्ट्राडला विरहात झुरणारा प्रेमी करून टाकतात. असं केलं की इरीना हे फक्त बक्षीस उरतं आणि साहसाचा कणाच मोडतो.

स्ट्राडला कुणी कोंडून ठेवलेलं आहे हे खरं, पण कुलूप त्याने स्वतःच आतून लावलं आहे. ‘मी केलं ते चूक होतं’ एवढं एक वाक्य त्याला कधी म्हणता आलेलं नाही. भावाच्या खुनाचा दोष तो नशिबाला देतो, तारुण्याला देतो, तात्यानाच्या डोळ्यांना देतो. मी त्याला खेळवतो तेव्हा एक नियम पाळतो: तो कितीही हळवं बोलला तरी त्या बोलण्यात समोरच्या बाईचं मन कधीच नसतं. इरीनाला काय आवडतं, ती कशाला घाबरते, यातलं काहीही त्याने विचारलेलं नसतं. खेळाडूंच्या हे लक्षात आलं की त्यांचा स्वर बदलतो. त्यांना तो भयंकर वाटू लागतो, आणि त्यासाठी त्याला दात दाखवावे लागत नाहीत.

डार्क पॉवर्स म्हणजे कोण?

हे सांगितलेलं नाही, आणि मुद्दामच. दुष्टाला त्याच्या मनासारखा मुलूख देऊन त्यातच अडकवणाऱ्या काही शक्ती, एवढंच पक्कं. ‘कर्स ऑफ स्ट्राड’मध्ये अंबर टेम्पल नावाचं देऊळ आहे. तिथे जुन्या दुष्ट शक्तींचे अवशेष अंबराच्या, म्हणजे गोठलेल्या राळेच्या, शिळांत कोंडलेले आहेत आणि ते खेळाडूंना वर देऊ करतात, अर्थात किंमत घेऊन. याच त्या डार्क पॉवर्स, असं काही चाहते मानतात. मला ते पटत नाही. नाव आणि पत्ता मिळाला की खेळाडू त्यांना मारायला निघतात, आणि मग ही गोष्ट स्ट्राडची राहत नाही.

धुकं कसं खेळवायचं?

बरोव्हियाच्या सीमेवर धुकं आहे. त्यात शिरलं की माणूस दमत जातो आणि शेवटी जिथून शिरला तिथेच बाहेर पडतो. नियम तेवढाच. बाकी वातावरण आपल्याला आयतं मिळालेलं आहे. जुलैमध्ये आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात गाडीच्या काचेपुढे पांढऱ्या भिंतीशिवाय काहीच दिसत नाही, हॉर्नसुद्धा नेमका कुठून वाजला ते कळत नाही. ते वर्णन करा. कार्पेथियन डोंगर पाहिलेले नसले तरी काही अडत नाही.

स्ट्राड दिवसा बाहेर पडू शकतो का? न बोलावता घरात शिरू शकतो का?

पहिल्याचं उत्तर हो. बरोव्हियात दिवसा उजेड असतो, पण नियमांच्या दृष्टीने ते ऊन नव्हे, त्यामुळे त्याने व्हॅम्पायरला इजा होत नाही. दुसऱ्याचं उत्तर नाही. घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. ‘सगळा मुलूखच त्याचा, मग प्रत्येक घरही त्याचंच’ असा युक्तिवाद चाहत्यांमध्ये जोरात चालतो. मी तो मानत नाही. उंबऱ्याबाहेर शांतपणे उभा राहून आत बघणारा स्ट्राड जास्त परिणाम करतो.

टारोकाचे पत्ते माझ्याकडे नाहीत. काय करू?

टारोका म्हणजे या साहसात भविष्य सांगायला वापरायचे पत्ते. ते नसतील तर घरातला पत्त्यांचा कॅट काढा. टारोकाच्या जोडात 54 पत्ते: 40 साधे आणि 14 वरच्या दर्जाचे. आपल्या कॅटात दोन जोकर धरून बरोबर 54 होतात. गुलाम, राणी, राजा आणि जोकर हे 14 एका गठ्ठ्यात. एक्क्यापासून दश्शीपर्यंतचे 40 दुसऱ्या गठ्ठ्यात. इस्पिक म्हणजे तलवारी, किलवर म्हणजे तारे, चौकट म्हणजे नाणी आणि बदाम म्हणजे चिन्हं. दश्शी म्हणजे त्या त्या रंगाचा मास्टर.

साहसातली भविष्य सांगणारी मॅडम इव्हा पाच पत्ते मांडते. पहिले तीन साध्या गठ्ठ्यातून. त्यांवरून तीन वस्तू कुठे दडल्यात ते ठरतं: स्ट्राडची रोजनिशी, रेव्हनकाइंडचं पवित्र चिन्ह आणि सूर्यप्रकाशाचं पातं असलेली तलवार. उरलेले दोन वरच्या गठ्ठ्यातून: सोबती कोण मिळणार आणि स्ट्राडशी शेवटची गाठ किल्ल्यात कुठे पडणार. त्यामुळे हे साहस दर खेपेला वेगळं होतं. पत्त्यांवर बेतलेली ही युक्ती 1983 च्या मूळ साहसातही होती, आणि मला ती खेळांच्या इतिहासातली एक अतिशय सुंदर कल्पना वाटते.

माझा सल्ला: सुरुवातीच्या आधी एकट्याने एकदा पत्ते काढून बघा. तिन्ही वस्तू किल्ल्याच्या आतच निघाल्या तर सगळी मोहीम तिथेच अडकते. तसं झालं तर पुन्हा पिसा. टेबलावर मात्र पत्ते नाटकी थाटात, सावकाश उलटा. दिवे मंद करा. खेळाडूंना प्रत्येक ओळ लिहून घ्यायला सांगा, पुढे कित्येक महिने ती लागणार आहे.

डेथ हाउसने सुरुवात करावी का?

डेथ हाउस हे पुस्तकातलं सुरुवातीचं छोटं साहस, एका झपाटलेल्या घरातलं. पात्रं पहिल्या पातळीची, म्हणजे अगदी नवखी, असतील तर ते घर धोक्याचं आहे, विशेषतः तळघर. रोज आणि थॉर्न ही दारातली दोन मुलं खेळाडूंच्या मनात घर करतात, म्हणून मी ते टाळत नाही, पण तळघरातल्या मारामाऱ्या निम्म्या करतो. लहान मुलांच्या मृत्यूचा विषय आहे. आधी सगळ्यांना विचारा. कुणाला नको असेल तर थेट तिसऱ्या पातळीवर गावापासून सुरू करा.

आमचा गट वल्लाकीला पोचण्याआधीच गारद झाला. कुठे चुकलं?

बहुधा पवनचक्कीपाशी. बरोव्हिया गावातून वल्लाकी या शहराकडे जाताना रस्त्यालगत ओल्ड बोनग्राइंडर ही पवनचक्की लागते. तिथे मॉर्गान्था आणि तिच्या दोन मुली राहतात, तिघीही रात्रीच्या चेटकिणी. त्या खाऊ विकतात. तो खाल्ला की थोडा वेळ सुखाची स्वप्नं पडतात, आणि त्याच्या पिठात काय असतं ते मी इथे लिहीत नाही. आईबाप त्या खाऊपायी स्वतःची मुलं त्यांच्या हवाली करतात. खेळाडूंना हे कळलं की रक्त उसळतं आणि ते तिसऱ्या-चौथ्या पातळीवर आत घुसतात. तिघी एकत्र असल्या तर हा सामना जिंकणं जवळपास अशक्य.

उपाय सोपा आहे: पळून जाणं हाही एक मार्ग आहे, हे आधीच दाखवून द्या. वाटेवर एखादा कावळा गटाच्या आडवा येऊन ओरडू दे. बरोव्हियातले कावळे बहुतेक वेळा खेळाडूंच्या बाजूचे असतात, आणि त्यातले काही खरे कावळे नसतात. वल्लाकीच्या ब्लू वॉटर खानावळीचं मार्तिकोव्ह कुटुंब त्यातलंच. एका चेटकिणीला बाहेर गाठता येईल अशी सोयही करून ठेवा. मुलांना सोडवून निसटता आलं तर तो विजयच म्हणा.

बरोव्हियातल्या दहापैकी नऊ जणांत आत्माच नाही म्हणतात, ते कसं?

पुस्तक म्हणतं की दहातल्या साधारण एकाच माणसात आत्मा आहे, बाकीची पोकळ माणसं. मेलेल्यांचे आत्मेही इथेच अडकून पुन्हा जन्म घेतात. कल्पना म्हणून जबरदस्त आहे, पण खेळाडूंना आकडा सांगू नका. एकदा आकडा कळला की कुणीतरी म्हणतोच, ‘मग या गावकऱ्याला मारलं तर काय बिघडतं?’ मी फक्त दाखवतो: बाजारात कुणी हसत नाही, लेकरू पडलं तरी रडत नाही, कपडे सगळ्यांचे मातकट. मग अचानक एक बाई गुणगुणताना दिसते आणि सगळा गट थबकतो.

विस्तानींचं चित्रण खटकतं. ते कसं हाताळावं?

खटकायलाच हवं. धुक्यातून ये-जा करू शकणारी ही भटकी मंडळी जुन्या पुस्तकांत दारुडी, चोर, भविष्य सांगून फसवणारी अशी रंगवलेली होती. हे सगळे साचे युरोपातल्या रोमा लोकांवर लादलेले जुने कलंक आहेत. 2020 मध्ये प्रकाशकांनी ‘कर्स ऑफ स्ट्राड’च्या मजकुरात याबाबत दुरुस्त्या केल्या.

आपल्याला हा विषय परका नाही. रोमांची भाषा आपल्याच भाषाकुळातली: एकला येक, दोनला दुय, तीनला त्रिन, पाचला पांज. आणि 1871 च्या इंग्रजी कायद्याने इथल्या कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 1952 मध्ये गेला, नजरा अजूनही पुरत्या गेलेल्या नाहीत. म्हणून माझ्या टेबलावर विस्तानींचा तांडा म्हणजे वेगवेगळ्या स्वभावाची माणसं. कुणी स्ट्राडला विकला गेलेला असतो, कुणी त्याच्याविरुद्ध जीव धोक्यात घालतं, बहुतेकांना फक्त संध्याकाळची चूल पेटवायची असते.

जुन्या पुस्तकांतलं रेव्हनलॉफ्ट आणि 2021 चं रेव्हनलॉफ्ट जुळत नाही. खरं कोणतं?

नव्वदच्या दशकात बरेचसे मुलूख एकमेकांना लागून होते, जणू एक खंडच. त्याला कोअर म्हणत. 2021 च्या पुस्तकाने ते सगळे सुटे केले. आता प्रत्येक मुलूख धुक्याच्या समुद्रातलं वेगळं बेट. लामोर्डिया मुलुखाचा डॉक्टर मोर्डेनहाइम आता व्हिक्ट्रा नावाची स्त्री आहे. डार्कन मुलुखाचा राजा अझालिन, एक लिच म्हणजे मेल्यावरही जादूने टिकून राहिलेला जादूगार, गायब झाला आहे आणि मुलूख कडेकडेने विरत चालला आहे.

दोन्ही खरी मानायला हरकत नाही. राजकारण, व्यापार, सरहद्दीवरची भांडणं हवी असतील तर जुनं घ्या. एकेका दुःस्वप्नात शिरून बाहेर यायचं असेल तर नवं. मला अझालिनचा जुना शाप फार आवडतो: ज्ञानासाठी सगळं गमावलेल्या या जादूगाराला नवा एकही मंत्र शिकता येत नाही. एवढ्या एका ओळीवर वर्षभराचा खेळ उभा राहतो.

रेव्हनलॉफ्टमध्ये भारतासारखा मुलूख आहे का?

आहे, आणि त्याची दोन रूपं आहेत. जुन्या रेव्हनलॉफ्टमधला श्री राजी हा घनदाट जंगलाचा मुलूख, त्याचा धनी अरिजानी नावाचा राक्षस. नावं संस्कृत वळणाची, पण नजर बाहेरून आलेल्या प्रवाशाची: जंगल, वाघ, देवळं, शाप. 2021 मध्ये भारतीय वंशाचे लेखक अजित जॉर्ज यांनी त्या जागी कालाकेरी लिहिला. तिथे महाराणी रम्या वासवदन आणि तिची भावंडं अरिजानी व रीवा यांच्यात नीलम सिंहासनावरून यादवी चालली आहे आणि ती संपत नाही. दरबार, दगाफटका, घराण्याची प्रतिष्ठा, बहिणीने भावावर उगारलेली तलवार. हे भय आपल्या बखरींना आणि महाभारताला जवळचं आहे, म्हणून मला ते जास्त भिडलं.

राक्षसांबद्दल थोडं. 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलपासून डंजन्स अँड ड्रॅगन्सचा राक्षस म्हणजे वाघाचं डोकं आणि उलटे तळहात. आपल्या गोष्टींत उलटी असतात ती हडळीची पावलं. राक्षस तर रूप बदलणारे, वेद जाणणारे, तप करून वर मिळवणारे. खेळातल्या राक्षसाने आपलं रूप बदलणं आणि गोड बोलून फसवणं तेवढं बरोबर उचललं. मी कालाकेरी खेळवतो तेव्हा वाघाचं डोकं शेवटपर्यंत दाखवत नाही. आधी येतो तो अतिशय अगत्यशील यजमान. वाढतो, आग्रह करतो, पूर्वजांची चौकशी करतो. फक्त ताट पुढे करताना हात जरा वेगळा वळतो.

हे सगळं मराठीतून खेळवता येतं?

येतं, आणि स्ट्राडच्या बाबतीत तर मराठीने मला असं हत्यार दिलं जे इंग्रजीत खेळताना हाती नव्हतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम. मराठीत तीन. माझा स्ट्राड पाहुण्यांना ‘आपण’ म्हणतो. जेवणाच्या आमंत्रणाचं पत्रही तसंच लिहितो: ‘आपण यावं, ही विनंती.’ इरीनाला मात्र पहिल्या भेटीपासून ‘तू’ म्हणतो, जणू जुनी ओळख आहे. ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते आणि शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणते. त्या दोन शब्दांमध्ये त्या दोघांची सगळी गोष्ट बसते. आणि ज्या दिवशी तो एखाद्या खेळाडूच्या पात्राला ‘आपण’वरून एकदम ‘तू’वर येतो, त्या दिवशी टेबलावर कुणी बोलत नाही.

हिट पॉइंट्स, सेव्हिंग थ्रो, इनिशिएटिव्ह हे नियमांतले शब्द तसेच ठेवा. त्यांचं भाषांतर करायला गेलात तर खेळ थांबतो.

क्रेझ्कच्या तळ्यापाशी इरीना सर्गेईबरोबर निघून जाते, तो शेवट वापरावा का?

बरोव्हियातल्या क्रेझ्क या गावात एक पवित्र तळं आहे. इरीनाने त्यात पाहिलं की सर्गेईचा आत्मा तिला हाक मारतो आणि ती त्याच्याबरोबर जाऊ शकते. स्ट्राडचा संताप विजेसारखा त्या जागी कोसळतो. दृश्य म्हणून हे अप्रतिम आहे. पण कित्येक महिने गटाबरोबर चाललेली, तलवार धरायला शिकलेली मुलगी एका हाकेने पाण्यात जाते, तेव्हा ती पुन्हा तात्याना होते आणि इरीना उरत नाही. मी सर्गेईला हाक मारू देतो आणि मग इरीनाला ठरवू देतो. दोनदा खेळवलं, दोन्ही वेळा ती काठावरच थांबली.

शेवटी स्ट्राड मेल्यावर काय होतं?

धुकं हटतं, सूर्य खरोखर उगवतो, वाटा मोकळ्या होतात. ज्यांच्यात आत्मा आहे ते निघून जाऊ शकतात. पण डार्क पॉवर्स त्याला सोडत नाहीत. काही महिन्यांनी तो पुन्हा उठतो आणि बरोव्हिया पुन्हा मिटतो.

खेळाडूंना हे सांगायचं का, असं मला नेहमी विचारतात. माझ्या टेबलावर मी सांगत नाही. मी ऊन दाखवतो. इस्मार्क, इरीनाचा भाऊ, दारात येऊन डोळ्यांवर हात धरतो, कारण इतका उजेड त्याने जन्मात पाहिलेला नाही. मग गाड्या भरायला किती वेळ लागेल, आज निघायचं की उद्या, म्हाताऱ्यांना कुणी उचलायचं, यावर खेळाडू आणि गावकरी वाद घालू लागतात. मी तिथे वही मिटतो.